मिरचीची धूळ

"तुझ्या आईवर कोणी रिसर्च नाही केलाय." सर म्हणाले आणि अख्खी लायब्ररी हसली.

रिसर्च पेपरांचा सर्च शिकवायचा तास होता; सर माझे गाइडही. माझा कॉम्प्युटर मोठ्या पडद्याला जोडलेला. राऊ गावच्या आमच्या वस्तीतून नर्सिंगच्या एम.एस्सी.पर्यंत आलेली मी पहिलीच. डेटाबेसच्या चौकटीत मी अख्खा प्रश्न टाइप केला होता, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. सियागंजमध्ये मिरची निवडणाऱ्या बायका का खोकतात? माणसाला विचारावं तसा. निकाल शून्य. आई तेच काम करायची, हे विषय निवडताना मीच सरांना सांगितलं होतं.

सरांनी ते वाक्य माझ्या चुकांसकट वाचलं. मग माझं आडनाव घेतलं, सावकाश. "अगं, हे काय गूगल आहे? तुम्हा लोकांना ना, सगळं आयतं पाहिजे. कोटा मिल जाता है, अक्कल नहीं मिलती. विषय बदल."

मी मान खाली घातली. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

सियागंजच्या घाऊक बाजारातल्या गोदामात ती देठ खुडायची, मिरची चाळायची. तोंडाला नुसता पदर. घरी येऊन दाराबाहेर साडी झटकायची, तरी आम्हाला ठसका लागायचा. खोकून खोकून तिच्या बरगड्या दुखायच्या. दवाखान्यात डॉक्टर मान वर न करता विचारायचे, "बीड़ी पीती हो?" महूच्या लष्करी छावणीतल्या फौजी बापाची लेक ती, बिडीला कधी शिवली नाही. दर वेळी तेच सिरप घेऊन परत यायची. शेवटी श्वास पुरेना. गेली.

खरा सर्च सर आपल्या लाडक्यांना केबिनमध्ये बसवून दाखवायचे. मी डेटाबेसचं मदतीचं पान वाचत बसले. दिवसचे दिवस. कळलं, प्रश्न अख्खा टाकायचा नसतो, तोडायचा असतो. काम एका कंसात, आजार दुसऱ्यात. एकाच गोष्टीची जितकी नावं, तितकी मध्ये 'ऑर' घालून लिहायची. दोन कंसांच्या मध्ये 'अँड'. मिरची ऑर मसाला ऑर धूळ. खोकला ऑर दमा ऑर धाप. आईचे असे तुकडे करत मी एकेक शब्द टाइप केला.

एक पेपर निघाला. त्याच्याखाली विषयाचे ठरलेले शब्द दिलेले होते. ते उचलून पुन्हा शोधलं. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मसाल्याच्या धुळीने छाती कशी खराब होते, सगळं लिहिलेलं. आई जिवंत होती तेव्हाच लिहिलेलं. पेशंटला त्याचं काम विचारा, हेसुद्धा.

मी तिथेच रडले. कुणालाच माहीत नसतं तर नशीब म्हणून गिळलं असतं. पण माहीत होतं. कॉलेजच्या पासवर्डच्या आत पडून होतं.

पेपर सरांपुढे ठेवले. त्यांनी चाळले. "ठीक है. पण ते आईबिई काढ यातून. सियागंज पण नको. जनरल कर."

"नाही काढणार, सर."

"मग दुसरा गाइड बघ."

"बघते."

अजून मिळालेला नाही. वर्ष वाया जाईल, जाऊ दे. विषय हाच राहील. वॉर्डात खोकत आलेल्या प्रत्येक बाईला मी आधी विचारते, "ताई, काम क्या करती हो?" उत्तर केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिते. परवा एका डॉक्टरांनी ते खोडलं. त्यांच्या देखतच मी पुन्हा लिहिलं. रोज खोडा. रोज लिहीन.