पाक तेवढा संपला

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि रेल्वेच्या विश्रामगृहातला खानसामा हरिदास मेश्राम एका सचिवांच्या बंगल्यावर लागला. नाताळच्या दुपारच्या जेवणासाठी सचिवांच्या मॅडमनी कलकत्त्याहून हॅम मागवलं. हरिदासनं गूळ, संत्र्याचा रस आणि मोहरी आटवून पाक केला आणि भाजताना तीनदा वरून लावला. हॅम तांब्यासारखं झळकलं.

पाहुणे साहेब म्हणाले, "वा, एकदम लंडन." पण डुकराच्या त्या मांडीला सुरी कोणीच लावली नाही. पुरीनं वरचा पाक तेवढा पुसून सगळ्यांनी खाल्ला, मॅडमनीही. गोडाला विटाळ नसावा.

उघडंबोडकं हॅम हरिदासनं गुढियारीला घरी नेलं.

"काहून परत आणलं? बिघडलं का?" बायकोनं, कमलानं विचारलं.

"नाही व. साहेब लोक धरम वाचवून राहिले," हरिदास म्हणाला आणि जाड जाड काप करू लागला.