चिनी मोदक

वेळूच्या गोल करंडीचं झाकण उचललं गेलं आणि वाफेचा ढग थेट माझ्या तोंडावर आला. तो विरला तेव्हा आत, कोबीच्या पानावर, पाच मोदक बसलेले दिसले... पांढरेशुभ्र, ओलसर, अंगभर बारीक कळ्या पाडलेले, फक्त नाक जरा बसकं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलातल्या चिनी खाणावळीची ती दुपार. बाहेर माणसं पावसाळ्याच्या तयारीनं घरांच्या भिंतींना गवताच्या झड्या बांधत होती, सुक्या गवताचा गोडसर वास खिडकीतून आत येत होता आणि नऊ वर्षांची मी, जन्मात पहिल्यांदा टेबलापाशी जेवायला बसलेली, पाय लोंबकळत ठेवून त्या करंडीकडे टक लावून बघत होते.

मामा तिथं टॅक्सी चालवायचा. हंगाम सरत आला की त्याला सवड मिळे, म्हणून आईला आणि मला त्यानं उंब्रजजवळच्या आमच्या गावाहून चार दिवस हवापालटाला आणलं होतं. खाणावळीचा आचारी कलकत्त्याहून आलेला चिनी, मामाच्या ओळखीचा. "ह्याला डिमसम म्हणत्यात," मामा म्हणाला, आणि मला ते आमच्या तालमीतल्या एखाद्या पैलवानाचं नाव वाटलं. मला विचाराल तर ते मोदकच होते. आमच्याकडे मोदक गव्हाच्या पिठाचे, तळलेले. उकडीचे पांढरे मोदक मी एकदाच, साताऱ्याला मावशीकडे, गणपतीत खाल्ले होते आणि तेव्हापासून त्यांची वाट बघत होते.

तरी मी हात आवरून बसले होते, आणि त्याला कारण होतं. माझे वडील, आबा, फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पलीकडच्यांच्या हाती लागले. जिवंत आहेत, कैदेत आहेत, एवढंच पत्रानं कळलं होतं, कधी सुटतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या भागात असं माणूस अडकलं की घरातलं कुणीतरी काहीतरी 'सोडतं'. जीव जडलेली एखादी चव देवाच्या हवाली करायची आणि माणूस उंबऱ्यात उभं राहिल्यावरच ती पुन्हा जिभेवर घ्यायची. आईनं साखर सोडली. एरवी चहाच्या कपाला दोन चमचे घेणारी माझी आई रोज सकाळी तो कडवट काढा तोंड वाकडं न करता प्यायची. आणि मी, कुणी न सांगता, भैरोबाच्या पायरीवर डोकं टेकून वशाट सोडलं. वशाट म्हणजे मटण, मासे, अंडी, सगळंच. रविवारी शेजारच्या चुलीवर तांबडा रस्सा रटरटू लागला की मी नाक दाबून मळ्याकडे पळायची! हे मी एकट्या आईला सांगितलं होतं. तिनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं कडाकडा मोडली, आणि आबांना ओढून आणायच्या दोराला आम्ही दोघीजणी लागलो आहोत, असं मला वाटलं.

त्या उन्हाळ्यात मला तापानं धरलं. ताप गेला, पण मी वाळून काडी झाले. डॉक्टर म्हणाले, अंडी द्या, मटणाचं पाणी द्या. मी ओठ घट्ट मिटून घेई.

"आत काय हाय?" मी आईला विचारलं.

"खोबरं," आई म्हणाली.

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तिनं नजर चुकवली असती तर मी खाल्लं नसतं.

मोदक लहान होता. अख्खाच तोंडात टाकला. आतून गरम, खारट रस फुटला, आलं लागलं, कांद्याची पात लागली आणि त्यांच्या मागून ती चव आली... सहा महिने विसरायला शिकवलेल्या माझ्या जिभेनं तिला लगेच ओळखलं. सगळ्यात वाईट हे, की ते चांगलं लागलं. इतकं चांगलं, की थुंकायच्या आधी मी गिळून टाकलं.

"आये, ह्यात खिमा हाय."

मामा खिडकीबाहेर बघू लागला. "आसू दे," आई म्हणाली. "लेकरानं धरल्यालं द्येव मनावर घेत न्हाई. खा आता गुमान."

तिच्यापुढं चहाचा कप होता. साखर घातलेला आला म्हणून तिनं तो परत पाठवून बिनसाखरेचा मागवला होता.

"मग तू साखर टाक की च्यात," मी म्हणाले.

ती आपला बिनसाखरेचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोस्टमन दिसला की मी दाराआड लपून बसे. आबा आले नाहीत तर ते माझ्यामुळं, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि हे सांगायचं कुणाला? ऐकणारी एकच होती, आणि तिनंच मला फसवलं होतं.

थंडीत आबा आले. खंगलेले, एका कानानं कमी ऐकू येणारे, पण आले. ओसरी माणसांनी भरली. चुलतीनं साखर सढळ हातानं घालून चहा आणला आणि आईनं तो सगळ्यांदेखत आबांच्या हातून घेतला. "हिच्या नेमानं आणला गं माणूस," बायका पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या. आबांनी मला जवळ ओढलं आणि हसून विचारलं, "आन् आमच्या मंगीनं काय सोडलं हुतं?"

मी आईकडे बघितलं. एक शब्द पुरला असता.

"ती ल्हान हाय," आई म्हणाली. "तिला काय कळतंय?"

आबा आल्याचा आनंद मला झाला नाही, असं नाही. झाला, पण दुसऱ्याच्या फडातला ऊस मोडून खावा तसा, चोरटा. तो नेमका कसा असायचा होता ते मला कधी कळलंच नाही.

पुढं मला मुलगी झाली, तिला ताप भरला, तेव्हा तिच्या तोंडात चार घास जावेत म्हणून मीही बिनदिक्कत खोटं बोलले. आईचं त्या दुपारचं मन मला तेव्हा समजलं. समजलं, पण खुपायचं काही थांबलं नाही. तिनं स्वतःचा नेम राखला आणि माझा मोडला, ही गोष्ट मी तिच्यापाशी आजवर काढलेली नाही, तिनंही नाही.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई आता इथं सांगलीत माझ्याकडे असते. डोळ्यांनी अधू झाली आहे. गणपतीत मी उकडीचे मोदक करते, कळ्या बारीक पडतात, सगळे वाखाणतात. पहिला मोदक मी तिच्या हातावर ठेवते. ती तो बोटांनी चाचपते.

"आत काय हाय गं?"

"खोबरं," मी म्हणते.

ती लगेच तोंडात घालते. मग मी माझा मोदक उचलते आणि खायच्या आधी फोडून बघते... स्वतःच्या हातांनी भरलेला असूनसुद्धा.