तात्यांची हिरवी शाई

तात्यांना अशुद्ध लिहिलेलं बघवत नसे. हॉटेलातल्या फळ्यावरची चुकीची वेलांटीसुद्धा ते मालकाकडून खडू मागून घेऊन दुरुस्त करत. बारामतीतल्या त्यांच्या साप्ताहिकात मी बातमीदारी शिकले. माझी प्रत्येक बातमी हिरव्या शाईने भरून परत यायची. "माणूस खोटं बोलंल, कागद न्हाय बोलत. कागद आण," म्हणायचे.

एक कारखाना सांडपाणी गुपचूप ओढ्यात सोडत होता. आसपासच्या विहिरी नासल्या होत्या. अशा शोधासाठी दिल्लीची एक संस्था पत्रकारांना अनुदान देते, हे मला तात्यांनीच सांगितलं. अर्ज त्यांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतला, मार्गदर्शक म्हणून सही केली. अनुदान मंजूर झालं त्या दिवशी सगळ्या कचेरीला भेळ खाऊ घातली.

कारखान्यातल्या संपतरावांनी मला तिथल्या सांडपाण्याच्या नोंदवहीचे फोटो दिले. "ताई, माझं नाव कुठं येऊ देऊ नका," एवढीच त्यांची अट. छापायच्या मजकुरात नाव नव्हतंच. पण संस्थेच्या नियमाप्रमाणे मार्गदर्शकाने सगळं पडताळायचं होतं, म्हणून तात्यांना दिलेल्या प्रतीत मी ते लिहिलं.

आठवड्याने संपतरावांचा फोन आला. "सायबांनी बोलावलं व्हतं. टेबलावर तुमचाच लेख. कामावरनं काढलं मला." मग म्हणाले, "त्यावर हिरव्या शाईच्या खुणा व्हत्या, ताई."

मी तशीच तात्यांकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही.

"कारखान्याच्या जाहिरातींवर पेपर चालतो, पोरी. सात माणसं हायेत माझ्याकडं. तुला दिल्लीवाले हायेत. मला कोण हाय?"

"आणि संपतरावांना?"

ते समोरच्या कागदावर हिरव्या शाईने खुणा करू लागले. मी निघाले तरी त्यांनी मान वर केली नाही.

लेख दुसऱ्या वर्तमानपत्रात छापून आला, ओढ्यात येणारं सांडपाणी थांबलं. संपतराव आता इंदापुरात टेम्पो चालवतात. माझा फोन घेत नाहीत. तात्यांची पायरी मी पुन्हा चढले नाही. त्यांच्याइतकं जीव लावून मला कुणी शिकवलं नाही, आणि राग त्याचाच जास्त येतो.

यंदा त्याच संस्थेने सुप्याच्या एका मुलीसाठी मला मार्गदर्शक नेमलं. मी आधी मार्गदर्शकाला सगळं दाखवायचा तो नियम बदलून घेतला, मगच होकार दिला. पहिल्याच भेटीत ती माहिती देणाऱ्याचं नाव सांगू लागली. मी तिला अडवलं.

"ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे. तू माझ्यावर ठेवू नकोस."