येरेमियाच्या बुटांवर बोलणारा नाकिबाए

मनेआबात, म्हणजे गावाच्या त्या मोठ्या, चारी बाजूंनी मोकळ्या बैठकघरात, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली. नाकिबाएची जागा दक्षिणेकडच्या खांबाशी. तिथं त्याचा आजा बसला, बाप बसला. त्या जागेवरून कुणी तोंड उघडलं की सगळ्या गावानं ऐकून घ्यायचं, अशी आमची रीत.

खासदार येरेमिया त्याच्या डोळ्यांत सलायचा, आणि ते उगाच नव्हतं. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात येरेमियानं घरोघर तांदळाची पोती उतरवली. त्याच्याविरुद्ध नाकिबाएचा धाकटा भाऊ उभा होता. भर सभेत येरेमियानं त्याला ‘रिकाम्या टोपलीचा उमेदवार’ म्हणून हिणवलं. भाऊ हरला, लाजेनं राजधानीच्या बेटावर गेला आणि तिकडंच मेला.

तेव्हापासून नाकिबाएनं येरेमियाचं काही म्हणून सोडलं नाही. वाळूत बूट घालून चालतो, म्हणाला. काळा चष्मा लावतो, म्हणाला. शाळेला नवं छप्पर आलं, तर ‘आता मास्तर कोरडे झोपतील.’ दवाखान्याला पाण्याची टाकी आली, तर ‘येरेमियाला तोंड बघायला आरसा कमी पडत होता.’ लोक हसून हसून चटईवर आडवे व्हायचे. पोरं त्याच्या नकला करत माडावर चढायची. आणि नाकिबाएला ते हसू माडीसारखं चढायचं.

बायको काएवा एकदा म्हणाली, “अहो, टाकी चांगली आहे की. मी रोज तिथलंच पाणी आणते.”

“त्यानं दिली ना? मग वाईटच.”

“उद्या तो खरंच वाईट काही करेल, तेव्हा काय बोलाल?”

“माझे शब्द काय त्याचे तांदूळ आहेत, संपायला?”

मग येरेमियानं चर काढायचं ठरवलं. बेटानं वेढलेल्या आतल्या उथळ समुद्रातून थेट गावात, म्हणजे होड्या दाराशी येतील. चर जाणार होता बाबाईच्या खड्ड्यांना लागून. बाबाई म्हणजे आमचा कंद. अळूच्याच जातीचा, पण वाढायला वर्षं घेणारा. खोल खड्ड्यात, वाळूखालच्या गोड्या पाण्यावर तो जगतो. समुद्र शेजारी आला की ते पाणी बिघडतं, हे इथं कोण जाणत नाही? पण दाराशी होडी कुणाला नको असते?

नाकिबाएचा खड्डा अगदी त्या वाटेला चिकटून होता. पणजोबानं खणलेला. लग्नात, मरणात त्यातलाच कंद पाहुण्यांपुढं जायचा. तो गेला की घराण्याची पत गेली.

सभेच्या दिवशी काएवानं त्याच्या केसांना तेल लावलं, डोक्यावर फुलांचा गजरा ठेवला. “आज फक्त पाण्याचं बोला. बुटांचं नाव काढू नका.”

“नाही काढत.”

त्याची पाळी आली. तो खाकरला, आणि तेवढ्यानंच बायकांच्या बाजूला खसखस पिकली. जाड्या ताबेता ओरडला, “नाकिबाएकाका, आज डाव्या बुटापासून का उजव्या?”

“गप रे. हा चर झाला तर खारं पाणी आपल्या खड्ड्यांत...”

“समुद्र बूट घालून येणार म्हणा की!”

पुन्हा हशा. नाकिबाए थांबला. हसू ओसरलं. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. कुणीतरी जांभई दिली. त्या खांबाशी बसून त्याला जांभई कधी ऐकू आली नव्हती. पाण्याची गोष्ट त्याच्या जिभेवर होती. घरून घोकून आणलेली, साधी, कुणालाही कळेल अशी. त्यानं समोर पाहिलं. लोकांची तोंडं हसायला उघडायच्या तयारीत होती. आणि त्याला राहवलं नाही.

“येरेमिया, एवढा चर कशाला रे? तुझे बूट धुवायला?”

छप्पर हादरलं. सगळ्यात मोठ्यानं येरेमिया हसला. डोळे पुसत, रीतीप्रमाणं कमरेत वाकून तो पुढं आला आणि नाकिबाएच्या पुढ्यात तंबाखूचं पाकीट ठेवलं. “काका, तुमच्या शिव्यांशिवाय आमच्या सभेला मीठ नाही!”

म्हाताऱ्यांतल्या मुख्यानं विचारलं, “आणखी कुणाचा आक्षेप?”

कुणाचाच नव्हता. काएवा मान खाली घालून चटईची काडी उपसत बसली होती.

चर झाला. होड्या दाराशी येऊ लागल्या. पुढच्या वर्षी बाबाईच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. काएवानं कच्चेच कंद उपटले. हातात घेतले तर आत लिबलिबीत. नवऱ्याला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं त्याला वाटायचं.

नाताळच्या मेजवानीला येरेमिया आला. जेवणं झाली, आणि त्यानं स्वतःच हाक दिली, “काका, होऊन जाऊ द्या!” लोक सरसावून बसले.

नाकिबाए म्हणाला, “माझा खड्डा मेला. तुमचेही मरतील.”

आणि थांबला. सगळे वाट बघत राहिले. येरेमिया ओठांवर तयार ठेवलेलं हसू सांभाळत म्हणाला, “हं, पुढं?”

पुढं काही नव्हतं.  मग मागच्या रांगेतून ताबेता एकदम फिदीफिदी हसला. त्याला वाटलं, आपल्याला विनोद कळला.