आत्याने वाचवलेले परग्रहवासी

टीव्हीवर कुस्ती लागो की मालिका, शांताआत्या हरणाऱ्याच्या बाजूने बसायची. सगळी खोली एकाच्या बाजूची झाली की ती विचारायची, "अन् त्याच्याकडून कोन आहे?" कोणीच नसायचं. मग ती असायची.

शाळेच्या सुट्टीत मी आंधळगावला तिच्याकडे जात असे. एका परदेशी अंतराळ-मालिकेवरून लिहिलेली इंग्रजी कादंबरी मी तिला मराठीत वाचून दाखवली होती. मला माझं इंग्रजी मिरवायचं होतं आणि तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे श्रोता म्हणून ती उत्तम होती. कथेत तीन परग्रहवासी यानावर येतात आणि कप्तान त्यांना कोंडून ठेवतो. तांदूळ निवडता निवडता आत्याचा हात थांबला. "पानी देल्लं का त्याहिले?" आमच्याकडे दारात आलेल्याच्या हाती आधी पाण्याचा गडवा देतात, नावगाव नंतर विचारतात. पाणी मिळाल्यावरच वाचन पुढे सरकलं.

पुढे मी शिक्षक झालो, वाचणारा माणूस म्हणून भंडाऱ्यात थोडं नावही झालं. त्या कादंबरीतल्या परग्रहवासीयांचं माणूसपण हा माझा आवडता विषय. इतका, की वाचक मंडळाने त्यावर माझं भाषणच ठेवलं. आदल्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडलं आणि शेवटपर्यंत वाचलं. त्यात पाणी नव्हतं, त्यांची घरी वाट पाहणारी आई नव्हती, त्यांचं धानाचं शेतही नव्हतं. ते तिघं नुसते फुत्कारत होते आणि शेवटी मारले जात होते. तेव्हा कुठे आठवलं, की हे सगळं आत्याच्या धाकाने मीच घातलं होतं. इतकी वर्षं मी लेखकाची म्हणून जी थोरवी गात होतो, ती आम्हा दोघांची होती.

भाषणाला आत्या एसटीने आली, नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. खरं सांगावं तर ती दुखावणार, न सांगावं तर कोणी पुस्तक उघडताच माझी अब्रू जाणार. मी अब्रू निवडली. म्हणालो, पुस्तकात त्यांना कोणी पाणी देत नाही, ते मारले जातात.

आत्या उभी राहिली. "खोटं काहून बोलून राहिला, बापू? माह्या पुढ्यात वाचलं तू. पानी पेले, अन् आपल्या घरी गेले ते."

सभागृहाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिच्यावर विश्वास ठेवला. मी पुस्तक मिटलं, चुकलो म्हणालो आणि तिची गोष्ट सांगितली. इतक्या टाळ्या मला पुन्हा कधी मिळाल्या नाहीत.

आत्या गेल्या वर्षी गेली. मला तिची फार आठवण येते. त्या दिवशीचे दोन-तीन श्रोते अजूनही ते पुस्तक मागतात. मी देत नाही. म्हणतो, घरी या, वाचून दाखवतो.