पिसवा आणि नंदाकाकूंची फणी

हिंदी मुलखातल्या पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या नंदाकाकूंनी जन्मभर मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. मराठी बोलायच्या त्या फक्त घरात, आणि तीही निम्मी हिंदी. त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने आलेली मधुरा बीडची, बँकेत नोकरीला. तिला काकू जरा तुसड्याच वाटायच्या. वाटणारच; सकाळच्या चहाआधी त्या कुणाशी धड बोलत नसत.

ऐन थंडीत मधुराने जिन्याखालून मांजरीचं एक पिल्लू उचलून आणलं. अंगावर पिसवांची नुसती जत्रा, हिरड्या पांढऱ्याफटक. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एवढ्याशा जिवाला औषध झेपणार नाही. पिसवा हातानेच काढा, नाहीतर रक्त पिऊन संपवतील." मधुराने आईला फोन लावला. आई म्हणाली, लिंबाचा पाला उकळ.

"काकू, लिंबाचा पाला मिळेल का हो?"

काकू तडक शेजारच्या कुंडीतला ओंजळभर पाला घेऊन आल्या. आधण आलं तसा घरभर सरबताचा वास सुटला.

"अहो काकू, हा लिंबाचा आहे! मला लिंबाचा हवा होता!"

काकूंची ट्यूब जरा उशिरा पेटली. "अगं, कडुलिंब होय! मग सीधा नीम म्हण ना! आमच्याकडे लिंब म्हणजे निंबू." त्यांनी पातेलं मोरीत ओतलं. "आता दोन्ही नको. मांजर दिवसभर अंग चाटतं. जे लावशील ते पोटात जाणार."

माकडांसाठी जाळी ठोकलेल्या गच्चीवर उन्हात त्या मांडी ठोकून बसल्या. पहिलीतल्या मुलींच्या उवा ज्या फणीने काढल्या, तीच बारीक दातांची फणी हातात. आधी पिल्लाच्या गळ्याभोवती साबणाच्या फेसाचं कडं केलं. "पाणी लागलं की या डोक्याकडे पळतात. पहले नाकाबंदी." मग कोमट पाणी, मग फेस धुऊन, कोरडं करून फणी. फणीत अडकलेली प्रत्येक पिसू साबणाच्या पाण्यात. ओल्या पंच्यावर काळे कण पडत होते आणि बघता बघता लाल होत होते.

"पिसवांची घाण. हिचंच रक्त आहे ते," काकू हळूच म्हणाल्या.

मग रोज ऊन आलं की हेच. अंथरूण गरम पाण्यात उकळायचं, पिल्लू मांडीवर घ्यायचं. गुडघ्यांपायी घाटाच्या पायऱ्या सोडलेली ही बाई मान वर न करता बसायची. नखाएवढ्या जिवासाठी एवढी माया माणूस आणतं कुठून? मधुरा दाराशी उभी राहून थक्क होऊन बघायची. पिल्लू मात्र चिंधीसारखं पडून असायचं. फणी कुठेही फिरवा, हूं की चूं नाही.

एका रविवारी पोटाखाली फणी लागली आणि काकू जोरात ओरडल्या. मधुरा हातातला कप टाकून धावली. पिल्लू शेपटी फुगवून फिस्कारत होतं आणि काकूंच्या बोटातून रक्त येत होतं.

"चावली गं मेली! कसली कडकडून चावली!" काकू ते बोट मधुराच्या नाकासमोर नाचवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आता जगते बघ ही!"