रुमालाखालचा सौदा
पिंजलेल्या कापसाचा वास आला की मला कारंज्याचा तो अडत्या आठवतो. सत्तर सालच्या सुमारास टेलिफोन खात्याने मला तिथल्या नव्या एक्सचेंजसाठी व्यापारी गिऱ्हाइकं मिळवायला धाडलं होतं आणि ते माझं पहिलंच दुकान होतं. "आमी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरवतो. तुमच्या फोनात बोटं कशी दाबू? द्या हात, दाखवतो," म्हणत त्याने रुमालाखाली माझी बोटं दाबली. मला ओ की ठो कळलं नाही, पण गिऱ्हाईक नाराज नको म्हणून मी मान डोलावली. "मान हलली, सौदा पक्का!" तो म्हणाला आणि फोन विकायला गेलेला मी मणभर रुई घेऊन एसटीत बसलो. त्याच रुईच्या गादीवर मी अजून झोपतो. मोबाईलवर कुणी काही विकायला लागलं की आधी हात पांघरुणाबाहेर काढतो.